पणजोबा स्टेशनात पाऊल का ठेवत नसत? (१०५ मराठा, १९१८ ची फरारी आणि आमचं इंदूरचं घर)

मालवमाती | ४ मे, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा. गेल्या महिन्यात मल्हारगंजातलं आमचं जुनं घर रिकामं केलं. माळ्यावरच्या पितळी डब्यात दोन कागद निघाले आणि तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही. इथे मोडी वाचणारे आहेत, पलटणीत नोकरी केलेले आहेत, दप्तरखान्यांत बसणारे आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

घरात ऐकत आलो ते आधी सांगतो. बाबांचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणायचे, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला गेले होते'. परत आले, इंदूरला मामाकडे आले, मालवा मिलमध्ये लागले, १९६१ साली वारले. बायको मानमोडीच्या, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. दुसरं लग्न केलं नाही. एकच मुलगा, म्हणजे माझे आजोबा. पलटणीची पेन्शन नव्हती आणि घरात एकही मेडल नव्हतं. कोणी विचारलं तर आबा म्हणायचे, "गहाळ झालं." आणि उठून जायचे.

दुसरी गोष्ट बाबांनी स्वतः पाहिलेली. आबा रेल्वे स्टेशनाच्या आवारात कधीच जात नसत. घर रुळाच्या या अंगाला, मिल त्या अंगाला, तरी लांबच्या फाटकातून रूळ ओलांडायचे. १९५१ साली आत्याचं लग्न झालं. वऱ्हाड खांडव्याहून गाडीने आलं. व्याह्यांना उतरवून घ्यायला घरातला सगळ्यात वडील माणूस गेला नाही, म्हणून केवढा रुसवा झाला! ते त्या वेळी घरी ओट्यावर बसून होते. सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला इंजिनाची धास्ती आहे.

आता कागद. एक छापील इंग्रजी फॉर्म, शाईने भरलेला, खालचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला. त्यावर १०५ मराठा लाइट इन्फंट्री वाचता येतं, चार आकडी नंबर आहे, त्यातला शेवटचा आकडा ३ की ८ कळत नाही. एका रकान्यात 'डेझर्शन' हा शब्द आहे. तो मी भिंगाने दहादा वाचला. दुसरं एक पैशाचं पोस्टकार्ड, पंचम जॉर्जच्या डोक्याचं, मोडीत लिहिलेलं, मामांच्या इंदूरच्या पत्त्यावर. शिक्का डिसेंबर १९१८ चा आहे.

आबा पळून आले होते का? कुठून? शिक्षा झाली का? मला हे कळून घ्यायचंय. बाबा ऐंशीचे आहेत. त्यांच्या हयातीत कळलं तर बरं.

माजी_सुभेदार | ५ मे, सकाळी ६.४०

मालवमाती, मी मराठा लाइट इन्फंट्रीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली काही बेळगावच्या सेंटरला. थोडं सांगतो.

१०५ म्हणजे नंतरची २/५ मराठा, पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी पलटण. १९२२ साली सगळ्या पलटणींची नावं बदलली तेव्हा १०३ ची पहिली झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी. १०५ वी १९१६ पासून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. तुमच्या घरातलं 'बसरा' म्हणजे तेच. सगळी फौज बसऱ्याला उतरायची आणि तिथून तैग्रिसच्या काठाने वर जायची. १९१६ चा उन्हाळा तिथे फार वाईट गेला. कॉलरा, स्कर्व्ही, उष्माघात. औषधपाण्याची इतकी दैना होती की पुढे विलायतेत चौकशी आयोग बसला. शिपायाचा पगार महिना ११ रुपये.

तुमच्या हातातला कागद बहुतेक नोकरी संपल्याचा दाखला असावा. शिपायाला काढलं तरी दाखला द्यायचा अशी कायद्यात तरतूद होती, आजही आहे. कोणाच्या हुकमाने काढलं, कशासाठी काढलं, एकूण नोकरी किती झाली, हे त्यात लिहितात. कागद अंधाऱ्या खोलीत धरा आणि टॉर्च अगदी आडवा, कागदाला टेकवून मारा. शाई उडाली तरी निबेची खूण राहते.

आणि एक. 'डेझर्शन' वाचून लगेच रणांगण डोळ्यांपुढे आणू नका. त्या काळात आपल्या पलटणींत फरारी लागलेल्यांत रजेवर घरी आलेले आणि परत न गेलेले पुष्कळ असायचे. रजा संपून गैरहजर राहणं हा एक गुन्हा, परत जायचंच नाही या इराद्याने राहणं हा दुसरा, जास्त मोठा. फरक इराद्याचा असतो, आणि इरादा काय होता ते कोर्ट ठरवतं.

मोडीवाचक_पुणे | ५ मे, दुपारी १.०५

पोस्टकार्डाचा नीट उजेडातला फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दोन्ही बाजू आणि चारही कडा. मोडीत जागा संपली की लोक कडेने लिहीत.

दख्खनचा_वारा | ५ मे, रात्री ९.२०

मला तर वाटतं हा सरळसरळ ब्रिटिशांच्या चाकरीला नकार आहे. तुमचे पणजोबा स्वातंत्र्यसैनिक ठरतात! योग्य ठिकाणी अर्ज करा, अभिमानाने सांगा.

मालवमाती | ५ मे, रात्री ११.३०

दख्खनचा वारा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण आबांनी असं काही म्हटल्याचं बाबांना आठवत नाही, कागदातही तसं काही दिसत नाही. जे नव्हतं ते मला त्यांच्या अंगाला चिकटवायचं नाही. आधी काय झालं ते कळू द्या.

ग्वाल्हेरची_लेक | ६ मे, सकाळी ११.००

या प्रतिसादासाठी मुद्दाम लॉगिन केलं. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला शरणागती झाली आणि १७ तारखेला फॅरर पार्कवर हिंदी सैनिकांना जपान्यांच्या ताब्यात दिलं. पुढे ते आझाद हिंद फौजेत गेले. १९४५ मध्ये परत आणलं ते कैदी म्हणून. चौकशीत या लोकांची प्रतवारी करायचे, पांढरे, करडे आणि काळे. आजोबा करड्यात. डिसमिस केलं, कैदेच्या काळाचा पगार जप्त. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात ते परत आले तेव्हा पणजोबांनी महिनाभर तोंडातून शब्द काढला नव्हता.

मग लाल किल्ल्यातला खटला झाला, देश पेटला, जानेवारी १९४६ मध्ये फौजेच्या तिन्ही अधिकाऱ्यांची जन्मठेप माफ झाली आणि आमच्या घरात हवा पालटली. जो मुलगा पलटणीला फितूर झाला म्हणून तोंड लपवायची वेळ आली होती, त्याला हार घालायला लोक आले. आजोबा आजीला म्हणाले होते, "कागद तोच आहे, फक्त लोक बदलले." त्यांच्या मनात दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत होत्या, बोसबाबूंबद्दलची भक्ती आणि जुन्या पलटणीतल्या सोबत्यांना सोडल्याची सल.

म्हणून तुमचं म्हणणं पटलं. माणूस काय विचार करून गेला ते त्याचं त्याला ठाऊक. आपण घाईने हार घालू नये, आणि घाईने तोंडही फिरवू नये.

मोडीवाचक_पुणे | ८ मे, रात्री ८.५०

कार्ड वाचलं. अक्षर कोणा लिहिणाऱ्याचं आहे, सराईत, बहुधा कुलकर्ण्यांच्या घरातलं. पण बोल एका बाईचे. खाली 'थोरली' एवढीच निशाणी. तुमच्या आबांची थोरली वहिनी, म्हणजे भावजय असणार. देवनागरीत असं लागतं:

"श्री. शके १८४० मार्गशीर्ष शुद्ध ७. तीर्थरूप मामा यांस साष्टांग दंडवत. विशेष. घरातील तिघे आश्विनात गेले ते कळविलेच आहे. भाऊजी मुलास घेऊन तिकडे येत आहेत. येथे पाहुणे दोनदा येऊन गेले, पुन्हा येतील. सबब येथे राहवत नाही. महूस उतरू नये, तेथे लष्कर आहे असे भाऊजी म्हणतात. इंदुरास उतरोन स्टेशनाबाहेर भेट व्हावी. खर्चास दहा रुपये दिले आहेत. कळावे."

आणि डाव्या कडेने, आडवं, बारीक: "पोर रात्री उठून दाराशी जाते."

'पाहुणे' या शब्दावर मी थांबलो. घरात तीन सुतकं झालेली, त्यात 'पाहुणे दोनदा आले, सबब राहवत नाही' याचा सरळ अर्थ लागत नाही. पोस्टकार्ड उघडं असतं, पोस्टमनपासून सगळे वाचतात. माझ्या मते पाहुणे म्हणजे पोलीस पाटील किंवा फौजदार. मार्गशीर्ष शुद्ध म्हणजे डिसेंबरचा पहिला पंधरवडा. शिक्क्याशी जुळतं.

नीराकाठ | ८ मे, रात्री ९.३५

अंगावर काटा आला. आश्विनात गेलेले तिघे म्हणजे मानमोडीच. आमच्याकडे त्या वर्षाला अजून 'मानमोडीचं साल' म्हणतात. जून १९१८ मध्ये साथ मुंबई बंदरात उतरली तेव्हा माणसं बरी होत होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्यांदा आली ती काळ होऊन आली. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला, ज्वारी नाही, कडबा नाही. माझी पणजी सांगायची, तरणीताठी माणसं सकाळी शेतात आणि तिसऱ्या दिवशी तिरडीवर. म्हातारी आणि लेकरं मागे राहिली.

माजी_सुभेदार | ९ मे, सकाळी ६.२०

कार्डाने बरंच उलगडलं. पुढचं कसं होत असे ते सांगतो. रजा संपून माणूस आला नाही की पलटणीत चौकशी बसायची, त्याच्याकडची सरकारी चीजवस्तू मोजायची आणि नोंद व्हायची. मग त्याचा हुलिया, म्हणजे उंची, रंग, अंगावरच्या खुणा, बापाचं नाव, गाव, हे सगळं जिल्ह्याच्या पोलिसांकडे जायचं. तिथून पाटलाकडे. म्हणून पाहुणे दोनदा.

सापडला की उभा करायचा तो बहुतेक समरी कोर्ट मार्शलपुढे. १९११ च्या हिंदी लष्कर कायद्यात ते होतं, आजच्या १९५० च्या कायद्यातही आहे. कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट. दोन अधिकारी नुसते हजर. निकालाला वरची मंजुरी लागत नाही, एक वर्षापर्यंत कैद देता येते, आणि नोकरीतून काढता येतं. लढाईवर असताना पळणाऱ्याला त्याच कायद्यात मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती, पण त्यासाठी मोठं कोर्ट लागायचं.

आता एक गोष्ट बोलतो, राग मानू नका. मी तुमच्या आबांना दोष देत नाही. तीन मढी आणि एक लेकरू, माझं मन कळवळतं. पण ३० ऑक्टोबरला तुर्कांशी तह झाला म्हणून त्या मुलखातलं काम संपलं नव्हतं. १९२० मध्ये तिथे मोठं बंड झालं, आपली माणसं तेव्हाही तिथे मेली. पलटणीत एक जागा रिकामी झाली की ती दुसऱ्या कोणाला भरावी लागते. त्याच्याही घरी मानमोडी येऊन गेलेली असू शकते. मी कंपनीत असताना एक पोरगा असाच गेला होता, आणि त्याच्या वाट्याची गस्त ज्याला लागली त्याचा चेहरा मी विसरलो नाही.

मालवमाती | ९ मे, रात्री १०.००

सुभेदार साहेब, राग कसला? हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. मी दिवसभर त्याचाच विचार केला. आबांच्या जागी जो गेला त्याचं नाव मला कधी कळणार नाही. पण तो होता, हे आमच्या घरात लिहून राहील.

तुमच्या सांगण्याप्रमाणे रात्री देवघराचा दिवासुद्धा शांत झाल्यावर टॉर्च आडवा धरला. बाबा शेजारी बसले होते. नंबरचा शेवटचा आकडा ८ आहे, वरचा गोल निबेने दोनदा गिरवलेला दिसतो. 'डिसमिस्ड' आहे. त्याच्या खाली 'नाइन' आणि पुढे 'आर. आय.' बाबा म्हणाले, "नऊ महिने सक्तमजुरी." ते निवृत्त होईपर्यंत कोर्टात कारकून होते, त्यांना 'आर. आय.' कोणी समजवायला नको. मग बराच वेळ काही बोललो नाही आम्ही.

तारीख वाळवीत गेली. वर्ष मात्र दिसतं, १९२०.

रेलप्रेमी_खांडवा | १० मे, दुपारी ४.१०

धागा सुरुवातीपासून वाचतोय. पोस्टकार्डात वहिनींनी महू टाळायला सांगितलंय ते अगदी बरोबर. साताऱ्याकडून यायचं तर पुणे, मनमाड, भुसावळ, खांडवा, आणि खांडव्याला उतरून छोट्या गाडीत बसायचं. ती पातालपाणीचा घाट चढली की आधी महू लागायचं, मग इंदूर. महू म्हणजे इंग्रजांची भली मोठी छावणी. फलाटावर शिपायांची वर्दळ, रजेचे पास तपासणारे लोक. फरारी माणसाने तिथे डब्यातून डोकंसुद्धा बाहेर काढू नये.

आता स्टेशनाबद्दल. हा रस्ता झाला तो होळकरांच्या पैशाने, तुकोजीराव दुसऱ्यांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. पण संस्थानांतल्या रेल्वेच्या जमिनीवर हुकमत इंग्रजांची असायची. म्हणजे इंदूर शहरात, राजवाड्यापाशी, मल्हारगंजात राज्य होळकरांचं. तिथून माणूस न्यायचा तर रेसिडेन्सीमार्फत, म्हणजे इंग्रज रेसिडेंटच्या कचेरीमार्फत, दरबारशी लिखापढी. पण रेसिडेन्सीचा इलाका, महूची छावणी आणि रेल्वेची हद्द, इथे इंग्रजांचा पोलीस थेट हात घालू शकत होता.

तुमचे आबा फाटकातून रूळ ओलांडायचे, पण स्टेशनाच्या आवारात जायचे नाहीत असं तुम्ही लिहिलंय. इंजिनाची भीती असती तर फाटकातही वाटली असती. मला वाटतं त्यांना स्टेशनातच धरलं असणार.

मालवमाती | १० मे, संध्याकाळी ६.२५

मी हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "एक्कावन्न साली मी त्यांना हाताला धरून ओढत होतो, चला म्हणून. मी सहा वर्षांचा. ते नुसतं नाही नाही करत होते आणि त्यांचा हात गार पडला होता."

बडोदेकर_आजी | ११ मे, सकाळी १०.४५

माझे वडील बडोदे संस्थानात तुरुंगखात्यात कारकून होते, म्हणून या धाग्यात डोकावले. लष्करातून काढून टाकलेल्या शिपायाला कैद भोगायला नेहमी लष्करी तुरुंगातच ठेवत असं नाही. साध्या तुरुंगातही पाठवत. तिथे सक्तमजुरी म्हणजे दळण, काथ्या, बागकाम, आणि हात बरा असेल तर मागावर. येरवड्यासारख्या मोठ्या तुरुंगांत दऱ्या, सतरंज्या, गालिचे विणून घेत. बाहेर त्यांना चांगली मागणी असे. वडील सांगायचे, मागावर बसलेला कैदी लवकर शांत होतो.

बाळ, तुमच्या घरी आबांच्या हातचं काही आहे का हो?

मालवमाती | ११ मे, दुपारी १२.३०

आजी, मी हे लिहितोय तो त्यांच्या दरीवर बसून.

पांढरी, त्यावर निळे पट्टे, दोन्ही टोकांना तीन तीन बारीक लाल रेघा. आबांनी अंगणात आडवा माग मांडून विणलेली. अशा पाच होत्या, आता दोन उरल्यात. आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो की मिलमध्ये होते म्हणून विणता येत होतं. तुमचा प्रतिसाद वाचला आणि लक्षात आलं, मिलमध्ये ते पॉवरलूमवर होते, धोतरजोड्यांच्या खात्यात. हाताने पंजा मारून दरी ठोकायला तिथे कोण शिकवणार? बाबांना विचारलं. ते म्हणाले, लोखंडी पंजा आबांकडे आधीपासून होता, आणि विणताना ते कधी बोलायचे नाहीत. मुलांनी दंगा केला तरी मान वर करायचे नाहीत.

आत्ता पट्ट्यावरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत एक दोरा ढिला नाही.

दप्तरकर | १२ मे, रात्री ९.००

कागद शोधायचे तर माझ्या अनुभवाचे दोन शब्द. नावाने शोधू नका. इंग्रज कारकून कानाला येईल तसं लिहायचे, एकच जाधव चार तऱ्हांनी सापडतो, आणि एका पलटणीत त्याच नावाचे पाच असतात. नंबर आणि पलटण हेच खरं नाव समजा. पंजाबचं नशीब थोर, तिकडच्या सुमारे ३ लाख २० हजार शिपायांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात निघाल्या आणि २०२१ पासून लोकांना पाहता येऊ लागल्या. आपल्याकडे ती सोय नाही. पलटणीच्या लढाईतल्या रोजनिश्या लंडनला क्यूच्या अभिलेखागारात आहेत. त्यात साध्या शिपायाचं नाव क्वचित, पण कोणत्या तारखेला पलटण कुठे होती हे कळतं.

तुमच्यासाठी जवळची वाट म्हणजे दिल्ली. सेंट्रल इंडिया एजन्सीचं, म्हणजे तुमच्याकडच्या संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रज कचेरीचं दप्तर राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. इंदूरच्या रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार त्यात येतो. फरारी शिपाई, संस्थानातून माणूस ताब्यात घेणे, रेल्वे पोलीस, अशा विषयांखाली १९१९ आणि १९२० च्या फायली मागा. आधी अभिलेख पटलावर, म्हणजे अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर, यादी चाळून फाइल नंबर काढून जा, नाहीतर पहिले दोन दिवस तिथेच जातील.

ग्वाल्हेरची_लेक | १२ मे, रात्री ९.४०

आणि गावाकडचं विसरू नका. गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. तहसीलच्या अभिलेख कक्षात १९१८ चं पुस्तक शिल्लक असेल तर तिघांच्या तारखा मिळतील. मोडीत असणार.

अनामिक_इंदूर | १४ मे, दुपारी ३.००

मी धागाकर्त्याच्या नात्यातला आहे, ओळखलं असेलच. घरातली गोष्ट घरात राहावी असं माझं मत आहे. आबांनी चाळीस वर्षं तोंड मिटून काढली ती कोणासाठी? आपल्यासाठीच ना? पोलीस, तुरुंग, हे शब्द आपल्या आडनावाशी जोडून काय मिळवायचंय?

मालवमाती | १४ मे, रात्री ११.५०

दादा, ओळखलं. तुझा राग मला समजतो, आणि आबांचं मौन तू मोठं मानतोस ते मीही मानतो. म्हणूनच इथे ना त्यांचं नाव आहे, ना आपलं, ना गावाचं. पण ते गप्प राहिले ते आपल्याला लाज वाटू नये म्हणून, आणि आपल्याला वाटत काय आलं? की ते तऱ्हेवाईक होते, भित्रे होते, इंजिनाला घाबरायचे. आत्याच्या सासरी त्यांना मानी म्हातारा म्हणून नावं ठेवली. हे त्यांनी खरं कळू न देण्याची किंमत म्हणून सोसलं. आता ते सोसायला ते नाहीत. मला खरं काय ते हवंय, बरं असो वा वाईट. बाबांचीही तीच इच्छा आहे, मी त्यांना विचारूनच लिहितोय. रविवारी घरी ये. दरी अंथरून बसू.

मालवमाती | २९ मे, रात्री ९.१५

दिल्लीहून आलो. चार दिवस जनपथवरच्या अभिलेखागारात बसलो. पहिले तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी दुपारी, जेवायला उठायच्या बेतात, एका फायलीत एका पानाची टाइप केलेली यादी मिळाली. सेंट्रल इंडियाच्या हद्दीत धरलेले पलटणींचे फरारी. सात ओळी. पाचव्या ओळीत १०५ मराठा आणि आमचा नंबर, शेवटी ८. नाव अर्धंमुर्धं चुकलेलं, गाव बरोबर. धरल्याची जागा, इंदूर रेल्वे स्टेशन. १९१९ चा ऑक्टोबर. म्हणजे आल्यानंतर दहा महिन्यांनी. शेवटच्या रकान्यात, ताब्यात घेताना सोबत काय होतं ते लिहायचं असावं. बाकी सहा जणांपुढे काही नाही. आबांच्या पुढे: 'एक मूल, वय सुमारे ४, नातेवाइकाच्या हवाली केले.'

माझे आजोबा. तेव्हा ते तिथे होते. त्यांनी पाहिलं होतं.

आजोबा १९८९ मध्ये गेले. आबांना स्टेशनाला चला असं त्यांनी मात्र कधीच म्हटलं नाही, हे बाबांना आज आठवलं. आत्याच्या लग्नातही नाही. बाकी सगळे आग्रह करत होते, आजोबा गप्प राहून एकटे वऱ्हाडाला सामोरे गेले.

माजी_सुभेदार | ३० मे, सकाळी ५.५५

वाचलं. लेकराला हातात घेऊन पकडले गेले. मला यावर काही लिहिता येत नाही. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

रेलप्रेमी_खांडवा | ३० मे, सकाळी ८.३०

दहा महिने शहरात सुरक्षित राहून मग स्टेशनात का गेले असतील? कोणाला घ्यायला?

मालवमाती | ३० मे, सकाळी ९.१०

हाच प्रश्न मला परतीच्या गाडीत रात्रभर होता. ऑक्टोबर १९१९ म्हणजे बरोबर वर्षश्राद्धाचे दिवस. गावाला निघाले असतील, मुलाला घेऊन. याहून पटणारं कारण मला सुचत नाही. गावच्या नोंदी मिळाल्या तर तिथी जुळते का ते पाहता येईल.

मालवमाती | १७ जून, पहाटे ५.२०

काल रात्री साताऱ्याहून परतलो. मोडीवाचक काकांनी फोनवरच नोंदी लावून दिल्या, त्यांचे आभार कसे मानू? तहसीलच्या अभिलेख कक्षात १९१८ चं पुस्तक आहे. कडा झिजल्यात, आतली पानं शाबूत. ऑक्टोबरची पानं इतर महिन्यांपेक्षा कितीतरी जास्त. एकेका दिवसाच्या खाली गावातली आठ आठ, नऊ नऊ माणसं. कारणाच्या रकान्यात वरच्या ओळीत 'ताप' लिहिलंय आणि खाली पानभर नुसत्या खुणा, तेच, तेच.

आमचे तिघे अकरा दिवसांत गेले. आधी आबांची आई, मग थोरला भाऊ, शेवटी बायको. आबा तेव्हा आजारीपणाच्या रजेवर घरीच होते, कारण भावाच्या नोंदीत वर्दी देणारा म्हणून त्यांचं नाव आहे. बायकोच्या नोंदीत मात्र वर्दी पाटलाची. तिच्या वर्षश्राद्धाची तिथी स्टेशनातल्या तारखेच्या आठ दिवस पुढची. म्हणजे वर्षश्राद्धाला पोहोचता येईल अशा बेतानेच ते निघाले होते.

थोरल्या वहिनीचा पुढचा पत्ता लागला नाही. तिच्या दहा रुपयांवर आमचं सगळं घर उभं आहे. तिच्या माहेरच्या गावात पुढच्या वर्षांची पुस्तकं पाहायची आहेत, जुलैत जाईन.

आणि एक. आमच्या वंशावळीत आबांच्या बायकोच्या जागी रेघ आहे. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, आजोबांनाही नाही, ते तीन वर्षांचे होते. नोंदीत तिचं नाव आहे. पुढे 'भ्रतार' आणि आबांचं नाव, वय २१. मोडीवाचक काकांनी तीनदा वाचून खात्री केली.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आधी बाबांना सांगायचंय. काल आलो तेव्हा ते झोपले होते. आता आत चहाचं आधण ठेवलंय, त्यांची उठायची वेळ झाली.